आजारी पाखराला आधी ऊब, मग औषध

गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगाव. कोणत्याही वस्तीत गेले तरी एखाद्या घराच्या ओसरीवर तारेचा लहानसा पिंजरा टांगलेला दिसतो. पिंजऱ्यात दोन-चार इवली पाखरे असतात. एखाद्याची चोच गाजरासारखी लाल, गालावर विटकरी ठिपका आणि गळ्यावर बारीक काळ्या-पांढऱ्या रेघा. एखादे नुसतेच तपकिरी-पांढरे. मुले त्यांना ‘फिंच’ म्हणतात. घरातली म्हातारी माणसे ‘चिमण्याच त्या’ म्हणून मोकळी होतात. रेघांचे पाखरू म्हणजे झेब्रा फिंच. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तपकिरी-पांढरे ते बेंगालीज फिंच. हे रानात कोठेच सापडत नाही. आशियातल्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासून जपानी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळून ते तयार केले आहे.

कुलरची जाळी, शाळेचे दप्तर आणि आईच्या विड्यांचे सूप यांच्या शेजारी हा पिंजरा असतो. मुले आपल्या खाऊच्या पैशातून दाणे आणतात. आणि एखाद्या सकाळी एक पाखरू दांडीवर नसते. ते पिंजऱ्याच्या तळाशी, अंग फुगवून, डोळे मिटून बसलेले असते.

अशा वेळी घरात तीन प्रकारची मते ऐकू येतात. एक म्हणतो, नजर लागली, मिरच्या ओवाळून टाका. दुसरा म्हणतो, घरावरचे संकट पाखराने आपल्या अंगावर घेतले, आता ते जाणारच. तिसरा म्हणतो, सोडून द्या बिचाऱ्याला मोकळे. तिन्ही मते चांगल्या मनाने दिलेली असतात आणि तिन्हींमुळे पाखरू मरते. मिरच्यांच्या धुराने ते गुदमरते. ‘जाणारच’ म्हटल्यावर कोणी उपाय करत नाही. आणि पिंजऱ्यात जन्मलेल्या परदेशी पाखराला बाहेर दाणा शोधता येत नाही, मांजर-कावळ्यापासून पळता येत नाही. ते एक-दोन दिवसांत संपते.

पाखराच्या आजाराला कारण असते. बहुतेक वेळा ते पिंजऱ्यात किंवा पिंजऱ्याभोवतीच्या घरातच सापडते. ते कसे शोधावे आणि डॉक्टरकडे पोचेपर्यंत घरी काय करावे, हे आई-वडिलांनी आणि मुलांनी मिळून वाचावे म्हणून हा लेख आहे.

पाखरू आजार लपवते

रानात जे पाखरू लंगडते किंवा पेंगते, त्याच्यावर शिकारी पक्ष्याची नजर आधी जाते. म्हणून लहान पक्षी शेवटपर्यंत धडधाकट असल्यासारखे वागतात. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात राहूनही ही सवय गेलेली नाही. म्हणून ‘काल तर चांगले होते, आज अचानक पडले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते बहुधा काही दिवसांपासून आजारी असते. आपल्याला दिसते ती शेवटची पायरी.

दररोज सकाळी दोन मिनिटे पिंजऱ्यासमोर उभे राहिले, तर आजार लवकर कळतो. पुढील चिन्हे ध्यानात ठेवावीत.

दिवसाढवळ्या पिसे फुगवून गोळा होऊन बसणे. निरोगी पाखरू झोपताना बहुधा एक पाय पोटाशी घेते. आजारी पाखरू दोन्ही पायांवर टेकून पेंगते. श्वासाबरोबर शेपूट खालीवर हलणे, चोच उघडी ठेवून श्वास घेणे, श्वासातून ‘टिक् टिक्’ असा आवाज येणे. नराचे गाणे बंद होणे. चोचीचा लाल रंग फिका पडणे. शेपटीखालची पिसे विष्ठेने चिकटलेली असणे. छातीच्या मधले हाड हाताला सुरीच्या धारेसारखे लागणे, म्हणजे तेथील मांस झडलेले असते.

पिंजऱ्याच्या तळाशी जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि ते रोज बदलावे. निरोगी विष्ठा गडद रंगाची, थोडी घट्ट असते आणि तिच्यावर पांढरा ठिपका असतो. ती नुसती पाणी झाली, किंवा हिरवीगार आणि अगदी थोडी पडू लागली, तर पाखराने खाणे सोडले आहे किंवा पोट बिघडले आहे, असे समजावे.

पहिले काम: ऊब

झेब्रा फिंचचे वजन अवघे बारा ग्रॅमच्या आसपास असते. शरीराची उष्णता मात्र सुमारे ४१ अंश, म्हणजे माणसापेक्षा चार अंश जास्त. एवढ्याशा देहात एवढी उष्णता टिकवायला त्याला सतत खावे लागते. दिवसाला आपल्या वजनाच्या जवळजवळ चौथा हिस्सा दाणे ते खाते. साठ किलोच्या माणसाने त्याच हिशेबाने खायचे ठरवले तर रोज पंधरा किलो धान्य लागेल. आजारी पाखराचे खाणे कमी होते, खाणे कमी झाले की अंग थंड पडते आणि अंग थंड पडले की खाण्याची ताकद राहत नाही. हे चक्र तोडायचे तर बाहेरून ऊब द्यावी लागते. फुगलेली पिसे म्हणजे ‘मला थंडी वाजते’ असे पाखराचे सांगणेच होय.

गोंदियाची थंडी आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वात थंड ठिकाणांत आपल्या शहराचे नाव वारंवार येते. अशा रात्री ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातले दुखणेकरी पाखरू सकाळ पाहील याचा भरवसा नाही.

उबेची सोय अशी करावी. आजारी पाखराला इतरांपासून वेगळे काढून लहान पिंजऱ्यात किंवा भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावे. तळाशी कागद अंथरावा. दांडी अगदी खाली, तळापासून दोन बोटांवर लावावी. दाणा-पाणी तिच्या शेजारीच ठेवावे, म्हणजे त्याला उडावे लागणार नाही. पिंजरा असेल तर तीन बाजूंनी कापड टाकावे, चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. एका बाजूला, पिंजऱ्याच्या बाहेर, चाळीस वॅटचा जुना पिवळा दिवा लावावा. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. दिव्याला कापड किंवा पुठ्ठा लागणार नाही याची नीट खात्री करावी, नाही तर आग लागेल. जुना दिवा मिळाला नाही किंवा वीज गेली, तर बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका कडेला ठेवावी आणि तास-दीड तासाने पाणी बदलावे.

ऊब एकाच बाजूला द्यायची, म्हणजे पाखराला जास्त वाटले तर ते दुसऱ्या बाजूला सरकू शकते. भिंतीवरचा साधा तापमापक असेल तर तो पिंजऱ्याजवळ ठेवावा. तीस अंशांच्या आसपास आकडा असावा. पाखरू चोच उघडून धापा टाकू लागले आणि पंख अंगापासून दूर धरू लागले, तर ऊब जास्त झाली. पिसे खाली बसली, डोळे उघडे राहू लागले, ते दाण्याकडे वळले, तर ऊब बरोबर आहे.

उबेबरोबर शांतता हवी. पाखराला वारंवार हातात घेऊ नये. शेजारपाजारच्या मुलांना दाखवू नये. टीव्ही आणि मांजर दोन्ही दूर ठेवावेत.

ही रीत आजची नाही. देवदत्ताच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्ष्याची गोष्ट बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितली आहे. आपण ती मुलांना सांगतो तेव्हा पक्षी कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, या वादावर भर देतो. त्याआधी सिद्धार्थाने काय केले तेही सांगावे. त्याने बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजले आणि आपल्या उपरण्यात गुंडाळून पक्ष्याला छातीशी धरले, त्याला ऊब मिळावी म्हणून. करुणा म्हणजे नुसते हळहळणे नव्हे, हे त्या कृतीतून दिसते. पुढे काय करायचे ते माहीत असणे हाही करुणेचाच भाग आहे.

वाटी भरलेली, पाखरू उपाशी

आपला जिल्हा राइस मिलचा. धान भरडल्यावर कोंडा वेगळा आणि तांदूळ वेगळा होतो, हे येथे लहान मुलालाही कळते. फिंच पाखरूही प्रत्येक दाणा चोचीत फिरवून सोलते. आतला दाणा खाते आणि फोलपट वाटीतच टाकते. संध्याकाळी वाटी काठोकाठ भरलेली दिसते, पण तीत नुसती फोलपटे असतात. ‘दाणे आहेत की’ म्हणून घरातले निर्धास्त राहतात आणि पाखरू भरल्या वाटीपुढे उपाशी राहते. म्हणून सकाळ-संध्याकाळ वाटीवर हलकी फुंकर मारावी. फोलपट उडून जाते आणि खरा शिल्लक साठा दिसतो.

राळा आणि बारीक बाजरी हे त्याचे मुख्य खाणे. दुकानात राळ्याला कांगणी म्हणतात. आजारी पाखराला कणसासकट राळा मिळाला तर ते लवकर खायला लागते. पावसाळ्यात ओल लागलेले, बुरशीचा वास येणारे दाणे कधीही घालू नयेत. बुरशीचे विष काळजाला, म्हणजे यकृताला बाधते. ज्या डब्यात कणी किंवा कोंडा ठेवून जाळी धरली होती, त्याच डब्यात पाखराचे दाणे ठेवू नयेत.

पाणी रोज दोनदा बदलावे. पाखरू स्वतः पीत नसेल तर स्वच्छ बोटाच्या टोकावर किंवा ड्रॉपरवर एक थेंब घेऊन तो चोचीच्या कडेला लावावा. ते तो आपोआप ओढून घेते. जबरदस्तीने चोच उघडून पाणी ओतू नये, कारण ते श्वासनळीत जाते आणि पाखरू हातातच मरते. पहिल्या काही तासांसाठी पाण्यात चिमूटभर ग्लुकोज चालते. दूध मात्र देऊ नये. पक्ष्यांना ते पचत नाही.

रात्र मोठी असते तेव्हा एक गोष्ट आणखी करावी. फिंच अंधारात खात नाही. थंडीतली रात्र तेरा तासांची, म्हणजे आजारी पाखराला तेरा तासांचा उपास. म्हणून खोलीत रात्री नऊ-दहापर्यंत उजेड ठेवावा आणि दाणा समोर असावा.

घरातली हवा

पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पातळ पिशव्या असतात. त्यांच्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसातून ताजी हवा जाते. उडायला लागणारी ताकद त्यातून मिळते. पण हवेत विष असेल तर तेही तितक्याच वेगाने रक्तात जाते. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हे ओळखून, कोळशाच्या खाणीत कॅनरी नावाचे पाखरू सोबत न्यावे असे सुचवले. कॅनरी हे फिंचच्याच जातीचे. विषारी वायूने ते माणसाआधी कोसळायचे आणि खाणकामगारांना बाहेर पळायला वेळ मिळायचा. ब्रिटनच्या खाणींत १९८६ पर्यंत ही पद्धत होती.

आता आपल्या घराकडे पाहावे. चुलीचा धूर, डासांची कॉइल, अगरबत्ती, खोलीतच ओढलेली विडी, फवारण्याचे कीटकनाशक. यांपैकी काहीतरी प्रत्येक घरात असते. भंडारा-गोंदियात हजारो घरांत आया-बहिणी विड्या वळतात. सूप मांडीवर असते आणि जर्द्याची बारीक धूळ खोलीभर उडते. त्याच खोलीत पिंजरा असेल तर पाखरू ती धूळ दिवसभर ओढते. आमच्या ओळखीच्या एका घरी तीन महिन्यांत दोन पाखरे अशीच खंगली. पिंजरा मागच्या अंगणाकडच्या खिडकीशी हलवला, त्यानंतर आणलेली जोडी टिकली. यातून घरच्यांनी दुसरी गोष्टही ओळखली. जी धूळ पाखराला बाधली, तीच धूळ रांगणाऱ्या बाळाच्याही छातीत जात होती. आता त्या घरात विड्यांचे सूप ओसरीवर असते आणि बाळ आत.

न चिकटणारा काळा तवा आता बऱ्याच घरांत आला आहे. तो रिकामा तापत राहिला तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पाखराला काही मिनिटांत मारतो. स्वयंपाक करतो त्या खोलीत पिंजरा ठेवूच नये.

माणसांच्या गोळ्या नकोत

ताप आला की गोळी घ्यायची आपली सवय पाखरावर चालवू नये. साधा हिशेब करू. साठ किलोचा माणूस म्हणजे साठ हजार ग्रॅम. पाखरू बारा ग्रॅम. साठ हजाराला बाराने भागले की पाच हजार येतात. म्हणजे माणसाच्या एका गोळीचे पाच हजार तुकडे करावेत, तेव्हा एक तुकडा वजनाच्या मानाने त्याच्या वाट्याचा होईल. नखाएवढा तुकडा म्हणून आपण जो पाण्यात विरघळवतो, तो शेकडो माणसांच्या मात्रेएवढा असतो. त्यातही काही औषधे माणसाला चालतात आणि पक्ष्याला मुळीच चालत नाहीत.

गुरा-शेळ्यांच्या जंतांसाठी घरात आणून ठेवलेले औषधही असेच. श्वासात ‘टिक् टिक्’ होते तेव्हा काही वेळा हवेच्या पिशव्यांत सूक्ष्म किडे झालेले असतात. डॉक्टर त्यावर औषधाचा अगदी बारीक थेंब मानेमागच्या कातडीवर टाकतात. ते औषध किती पातळ करायचे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

अंगाला हळद-तेल चोळू नये. पिसांना तेल लागले की ती चिकटतात, त्यांच्यातली हवा जाते आणि पाखरू गारठते. सर्दीचा बाम लावू नये. दारूचा थेंब पाजू नये.

तातडीचे प्रसंग

मादी तळाशी बसली आहे, पोट फुगले आहे, ती कुंथते आहे, पण अंडे बाहेर येत नाही. हे अंडे अडकण्याचे लक्षण. थंडीत आणि कॅल्शियम कमी पडल्यावर हा प्रसंग जास्त येतो. ताबडतोब ऊब द्यावी, खोक्यात ओल्या फडक्याची वाटी ठेवून हवा दमट करावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोट दाबून अंडे काढायला जाऊ नये. ते आत फुटले तर मादी वाचत नाही. असा प्रसंग येऊ नये म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा कायम अडकवून ठेवावा. जडीबुटीच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. कोंबडीच्या अंड्याचे कवच उकळून, वाळवून, कुटून घातले तरी चालते. कडाक्याच्या थंडीत घरटे काढून घ्यावे आणि एकामागून एक अंडी घेत राहू नये.

पायाला दोरा अडकणे हा दुसरा प्रसंग. घरट्यासाठी सुतळी, कापूस, नायलॉनचे धागे देऊ नयेत. ते पायाला आवळतात आणि पाय सुजून काळा पडतो. त्याऐवजी वाळलेले गवत द्यावे. दोरा अडकलाच तर एकाने पाखराला रुमालात हलके धरावे. छाती दाबू नये, कारण छाती हलल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही. दुसऱ्याने लहान कात्रीने दोरा कापावा.

नख तुटून रक्त आले तर मक्याचे पीठ चिमटीत घेऊन तेथे दाबून धरावे. या पाखराच्या अंगात सगळे मिळून रक्त जेमतेम एक मिलिलिटर असते, म्हणजे साधारण वीस थेंब. त्यातले पाच-सहा थेंब जाणे जिवावर बेतू शकते.

उन्हाळा हा चौथा प्रसंग. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा पत्र्याखालचा पिंजरा भट्टी होतो. पाखरू पंख पसरून धापा टाकू लागले की ते सावलीत, खालच्या जागी आणावे, पायांना साधे पाणी लावावे, पिण्यास पाणी द्यावे. बर्फाचे पाणी ओतू नये. पिंजऱ्याच्या एका बाजूला ओले पोते टांगावे. कुलरचा झोत थेट अंगावर घेऊ नये.

नोंदवही आणि दवाखाना

मी कार्यालयात नोंदी ठेवण्याचे काम करतो. त्यामुळे सांगतो, पाखराचीही एक नोंदवही ठेवावी. साधी शाळेची वही पुरते. तारीख, काय खाल्ले, विष्ठा कशी, वागणूक कशी, आणि आठवड्याचे वजन. वजनासाठी ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा बाजारात मिळतो. तो नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे डबीसकट वजन करून डबीचे वजन वजा करावे. बारा ग्रॅमचे पाखरू दहा ग्रॅमवर आले तर आपल्याला वाटते, दोनच ग्रॅम गेले. पण तो सहावा हिस्सा आहे. साठ किलोच्या माणसाचे दहा किलो उतरावेत, तसे ते आहे. हे काम घरातल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. पाहणे, मोजणे, लिहिणे आणि त्यावरून कारण काढणे हीच तर विज्ञानाची पहिली इयत्ता.

ऊब देऊनही चोवीस तासांत फरक पडला नाही तर थांबू नये. तोंडाने श्वास, रक्तस्राव किंवा अडकलेले अंडे असेल तर चोवीस तासही थांबू नये. आपल्या तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा मुख्य रोख गुरे, शेळ्या आणि कोंबड्यांवर असतो. तरी कोंबडी पाहणाऱ्या डॉक्टरला पक्ष्याचे शरीर ठाऊक असते. आधी विचारून जावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही. मोठ्या तपासणीसाठी नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते १९५८ साली सुरू झाले आणि महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. डब्यात खिडकीपासून दूर बसावे, खोके फडक्याने झाकावे, गरम पाण्याची बाटली सोबत ठेवावी. नोंदवही आणि विष्ठेचा शेवटचा कागद घेऊन जावे. डॉक्टरला त्यातून अर्धा आजार वाचता येतो.

नवे पाखरू आणले की ते महिनाभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावे. पिंजरा साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. एकाच वेळी बरीच पाखरे किंवा कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, हे विसरू नये.

धानातली मुनिया पिंजऱ्यात नको

एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. फिंच म्हणून कोणी लाल मुनिया किंवा ठिपकेवाली मुनिया विकत असेल तर ती घेऊ नये. ही आपल्या रानातली, आपल्या धानाच्या बांध्यांवरची पाखरे. कधी कधी त्यांना रंग लावून परदेशी म्हणून विकतात आणि पहिल्या अंघोळीत रंग उतरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर देशातल्या रानपाखरांचा व्यापार बंद झाला. ती पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. जाळ्यात धरलेली अशी पाखरे भीतीनेच आजारी पडतात आणि घरच्या कोणत्याही उपायाने सावरत नाहीत. जखमी रानपाखरू सापडले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ज्या जिल्ह्याचे शेतकरी आपल्या शेतात सारस पक्ष्याचे घरटे राखतात, त्या जिल्ह्यात मुनियाही मोकळीच शोभते. या पाखरांची ओळख मुलांना करून द्यायची असेल तर नवेगावबांधला वनाधिकारी राहिलेले दिवंगत मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षीकोश’ ग्रंथालयात मागावा.

मरण आले तर

एवढे सगळे करूनही काही पाखरे मरतात. मुले रडतात. त्यांना ‘संकट घेऊन गेले’ असे सांगू नये. मुलाच्या मनात त्यातून दोन चुकीच्या गोष्टी बसतात. एक, घरावर संकट होते. दुसरी, दुसऱ्याच्या जिवावर आपण सुटलो. त्याऐवजी खरे सांगावे. पाखरू आजारी होते, आपण ऊब दिली, पाणी दिले, दवाखान्यात नेले, तरी ते वाचले नाही. मग नोंदवही उघडून मुलासोबत मागची पाने पाहावीत. वजन केव्हापासून उतरले, दाणे केव्हा बदलले, पिंजरा कोठे होता. कारण सापडले तर उरलेल्या पाखरांचे प्राण वाचतात. झाडाखाली हातभर खोल खड्डा करून त्याला पुरावे. पिंजरा गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवावा.

ज्या घरात माणसांच्या औषधाला पैसे पुरत नाहीत, तेथे पाखराचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. ज्याला जमणार नाही त्याने पाखरू आणूच नये, त्यात कमीपणा नाही. पण जे आणले, ते आपल्या शब्दावर आणले. मोकळे पाखरू थंडी वाजली तर उन्हात जाऊन बसते, धूर आला तर उडून जाते, दाणे संपले तर दुसरे शेत शोधते. आपण दार लावले तेव्हा हे तिन्ही मार्ग आपण बंद केले. म्हणून ऊन, हवा आणि दाणा पुरवणे हे आपले काम झाले. त्याला लागते काय? एक खोके, एक दिवा, गरम पाण्याची बाटली, वाटीवर रोज एक फुंकर आणि सकाळची दोन मिनिटे. एवढे कोणत्याही कामकरी घराला परवडते.